आमची वाटचाल: ‘तीनशे’च्या इंजिनाला थोडी जास्त ओढ

कॅलिफोर्नियातल्या आमच्या गॅरेजमध्ये बहुतेक काम एकाच इंजिनाचं: फोर्डच्या जुन्या पिकअपमधलं ३०० क्युबिक इंचांचं, म्हणजे ४.९ लिटरचं, एका रांगेतलं सहा सिलिंडरी. १९६५ ते १९९६ पर्यंत ते बनलं. सात मेन बेअरिंग (क्रँकशाफ्टचे आधार). कॅम (झडपा उघडणारा दांडा) फिरवायला साखळी नाही, गिअरला गिअर. शेवटच्या वर्षांतले आकडे ३,४०० आरपीएमला १५० अश्वशक्ती आणि २,००० ला २६० फूट-पौंड टॉर्क. हे ओझं ओढणारं इंजिन आहे, आणि वाढ मागायची ती ओढीतच.

सुरुवातीला आम्ही गिऱ्हाईक मागेल तो भाग बसवून द्यायचो. आता आधी मोजतो, कारण पुष्कळ वेळा ताकद वाढवायची नसते, हरवलेली परत आणायची असते. सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) घेतो; सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर पुढचं काम थांबतं. मग एकजण पेडल पूर्ण दाबतो, दुसरा कार्ब्युरेटरचा बटरफ्लाय (हवेची झडप) बघतो. केबल ढिली झाल्याने तो पूर्ण उघडतच नाही, असं वाटतं त्याहून जास्त वेळा सापडतं.

टायमिंगमध्ये, म्हणजे ठिणगी कधी पडते त्यात, पुलीवरची खूण फसवते. डँपर पुलीचं बाहेरचं कडं रबरावर बसवलेलं असतं. रबर सैल झालं की कडं सरकतं आणि खूण खोटी ठरते. म्हणून पिस्टन स्टॉप (पिस्टन अडवणारा खुंटा) लावून खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा, काढायचा, नवी खूण करायची. इंजेक्शनच्या गाड्यांत (१९८७ पासूनच्या) टायमिंगचा छोटा प्लग काढून मूळ टायमिंग टीडीसीच्या आधी १० अंश. कार्ब्युरेटरवाल्यात व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं आणि बॉनेटखालच्या पट्टीवरचा आकडा धरायचा. त्यापुढे दोन-दोन अंश, चढावर नॉकिंग (इंजिनातली टकटक) ऐकू येईपर्यंत. आलं की दोन मागे.

खरा फरक एक्झॉस्टमध्ये. जुन्या मॅनिफोल्डमध्ये (हेडला लावलेल्या जोडनळात) सहाही सिलिंडरचा धूर एकाच तोंडातून कोंबला जातो. इंजेक्शनच्या मॉडेलांतलं बिडाचं मॅनिफोल्ड दोन तुकड्यांत येतं, पुढचे तीन आणि मागचे तीन. ते जुन्या इंजिनाला बसतं, आणि आमच्या मते पैसे खर्च करायची हीच पहिली जागा. पातळ पत्र्याचे हेडर (मॅनिफोल्डऐवजी लावायच्या नळ्या) विकणं आम्ही बंद केलं. पॅकिंग फुंकलं गेल्याच्या तक्रारी थांबेनात. इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारं मॅनिफोल्ड) आणि एक्झॉस्ट हेडच्या एकाच बाजूला, काही बोल्टांच्या वॉशरखाली दोघांचेही कान (पुढे आलेले भाग). कानांची जाडी सारखी नसेल तर एक दबतो, दुसरा हवा खेचतो. जाड कान घासा किंवा पातळाखाली शिम (पातळ चकती) घाला. आणखी एक: जुन्या मॅनिफोल्डची ऊब कार्ब्युरेटरच्या तळाला मिळायची, ती आता जाते. थंडीत गाडी अडखळते, म्हणून इनटेकखाली कूलंटची गरम प्लेट लागते.

मोठा कार्ब्युरेटर सगळ्यांना हवा असतो. हिशेब साधा: ३०० गुणिले ४,००० आरपीएम, भागिले ३,४५६, म्हणजे साधारण ३४७ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा), तेही सिलिंडर शंभर टक्के भरला तर. ३९० चा चार बॅरलवाला पुरून उरतो. ६०० चा लावला की खालच्या आरपीएमला हवेचा वेग मरतो, आणि या इंजिनाचं सगळं आयुष्य खालीच जातं.

कायद्याची बाजू: इथे १९७६ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग (धुराची) तपासणी लागते. ईजीआर किंवा एअर पंप (धुरातलं प्रदूषण कमी करणारे भाग) काढायचं काम आम्ही घेत नाही, आणि मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर बदलण्याआधी त्या वर्षाच्या गाडीला ते चालतं का ते बघतो.

कॅम शेवटी, आणि कमी ड्युरेशनचाच (झडपा कमी वेळ उघड्या ठेवणारा). नवा कॅम सुरू होताच २,००० आरपीएमच्या आसपास २० मिनिटं, आयडलवर सोडायचा नाही. तेल जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं. कॅम काढलाच आहे तर त्याला फिरवणारा फायबरचा गिअर पाहा. त्याचे दात झडले असतील तर तुकडे ऑइल चेंबरमध्ये पडून पंपाच्या जाळीत अडकतात. नवा गिअर बसवून चेंबर न उघडणं म्हणजे बेअरिंगं घालवणं. आम्ही दोन्ही कामं एकाच बिलात लावतो.