सामुराईचा अर्ज

जपानी भाषेच्या माझ्या वर्गात निम्मी मुलं ॲनिमेच्या वाटेनं येतात. पुण्यात याचं आता कुणाला नवल वाटत नाही. एन-फाइव्हच्या, म्हणजे जपानीच्या सगळ्यात खालच्या परीक्षेच्या, कांजी (चिनी वळणाची अक्षरं) गिरवताना ज्यांच्या माना पडतात, तीच मुलं 'आज सामुराई' म्हटलं की ताठ बसतात. प्रश्नही ठरलेले. हाराकिरी कोण कोण करायचं? तलवारीनं एका घावात किती कापलं जायचं? निंजा जिंकेल की सामुराई? या शेवटच्या प्रश्नाला मी हात लावत नाही. तो वाद त्यांनी चहाच्या टपरीवर मिटवावा.

तलवारीचं मी पाच मिनिटांत उरकते. कामाकुरा काळातला, म्हणजे बाराव्या शतकाच्या शेवटापासून चौदाव्याच्या सुरुवातीपर्यंतचा सामुराई आधी घोडेस्वार आणि तिरंदाज. धनुष्य दोन मीटरहून लांब, आणि त्याची मूठ मध्यावर नाही, बरीच खाली, म्हणजे घोड्यावर बसून ते या बाजूचं त्या बाजूला नेता येतं. तलवार असते, पण कमरेला धार खाली करून टांगलेली. मुलं जशी ॲनिमेत पाहतात तशी, पट्ट्यात धार वर करून खोचलेली तलवार पुढच्या काळातली. बुशिदोचंही, म्हणजे सामुराईंच्या आचारसंहितेचंही तेच. ज्या आखीवरेखीव रूपात जगाला ती ठाऊक आहे, त्यामागे इनाझो नितोबेंचं 1900 सालचं पुस्तक आहे, आणि तेही इंग्रजीत लिहिलेलं. कामाकुरातल्या एखाद्या स्वाराला ते वाचून दाखवलं असतं, तर हे गृहस्थ कुणाबद्दल बोलताहेत, असं त्यानं विचारलं असतं.

मग फळ्यावर एक नाव लिहिते: ताकेझाकी सुएनागा.

1274 साली मंगोलांचं आरमार क्यूशूच्या हाकाता उपसागरात आलं. सुएनागा हिगो प्रांतातला, म्हणजे आजच्या कुमामोतोकडचा. वय 29, मागच्या बाकावरच्या आयटीवाल्यांच्या बरोबरीचा. जमिनीचा जुना दावा लटकलेला, त्यामुळे पदरी माणसं नाहीत. तो धरून पाच स्वार. तो घुसायला निघाला, तेव्हा त्याच्याच एका माणसानं अडवलं: मागून आपली माणसं येताहेत, साक्षीदार मिळू द्या, मग घुसू.

इथे वर्ग हसतो. पण तो माणूस विनोद करत नव्हता. लढाईनंतर बक्षीस मागायचं, तर 'हा पुढे होता' असं सांगणारं कुणीतरी हवं. सुएनागानं त्याचीही सोय केली होती. दुसऱ्या एका योद्ध्याशी त्यानं शिरस्त्राणाची अदलाबदल केली होती, गर्दीत एकमेकांना ओळखता यावं आणि पुढे एकमेकांची साक्ष काढता यावी म्हणून. तरी त्या घटकेला तो थांबला नाही, कारण त्याच्या मते पहिलं असण्यालाच बक्षीस होतं. घोडा बाणांनी रक्तबंबाळ झाला, तो स्वतः जखमी झाला, आणि शिरोइशी मिचियासुची तुकडी मागून आली म्हणून जिवानिशी वाचला.

एवढं करून, तो पहिला होता ही गोष्ट वर कळवलीच गेली नाही. महिने गेले, हाती काही नाही. 1275च्या सहाव्या महिन्यात त्यानं घोडे आणि खोगिरं विकून वाटखर्च उभा केला आणि कामाकुराला, म्हणजे शोगुनचं (लष्करी सत्ताधीशाचं) सरकार जिथे होतं तिथे, निघाला. घरच्यांचा विरोध होताच. हजारेक किलोमीटरची वाट. मिशिमा आणि हाकोनेच्या देवांना साकडं घालत तो आठव्या महिन्यात पोचला. तिथे अशा फाटक्या अवस्थेत आलेल्या परगावच्या माणसाला कोण विचारतो? अधिकारी दाद देईनात.

"सेन्सेई (बाई), म्हणजे हा तलाठ्याकडे चकरा मारत होता," बारामतीकडचा एक मुलगा एकदा म्हणाला. त्यानंतर त्या बॅचला मला कामाकुराची राज्यव्यवस्था वेगळी शिकवावी लागली नाही.

दहाव्या महिन्यात कुठे बक्षिसांचं काम पाहणाऱ्या आदाची यासुमोरीसमोर बसायला मिळालं. हा प्रसंग मी दोन मुलांना पुढे बोलावून करून घेते. मुंडकी किती आणलीस? एकही नाही. तुझी माणसं किती मेली? एकही नाही. जखमी झालास, त्याची नोंद आहे; आणखी काय हवं? सुएनागाचं म्हणणं एवढंच, की मी पहिला होतो हे शोगुनच्या कानावर गेलेलं नाही. सेनापतीला विचारा. मी खोटा ठरलो तर माझं मुंडकं घ्या. यासुमोरी झालेला मुलगा दरवेळी खुर्चीत रेलून बसतो, ते त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

सुएनागा जिंकला. काइतो गावाची वसुली आणि बंदोबस्त त्याच्या नावे झाला, शिवाय यासुमोरीनं वर एक घोडा दिला.

असे दावेदार कामाकुरात कायम असत. 1232 साली शोगुनच्या नावानं कारभार पाहणाऱ्या होजो यासुतोकीनं 51 कलमांचा कायदा केला, त्यातल्या बाराव्या कलमावर मुलं फिदा असतात. शिवीगाळ केली, मोठी असेल तर हद्दपारी, किरकोळ असेल तर कोंडून ठेवायचं. आणि सुनावणी चालू असताना जो तोंड सोडेल, त्याची वादातली जमीन थेट समोरच्याला. दाव्यांसाठी बायकाही येत. आबुत्सु ही जोगीण मुलाच्या वारसाहक्कासाठी क्योतोहून कामाकुराला आली, ती सुएनागानंतर चारेक वर्षांनी. तिनं वाटेतली रोजनिशी लिहिली, ती आजही वाचली जाते.

मला स्वतःला मात्र यासुमोरीचं घर आवडतं. त्याला घोड्यातलं फार कळे, असं चौदाव्या शतकातला केन्को हा भिक्षू सांगतो. घोडा बाहेर आणताना त्यानं पाय गोळा करून उंबरठा टपकन ओलांडला, तर यासुमोरी म्हणे, हा तापट आहे, खोगीर दुसऱ्यावर चढवा. पाय न उचलता उंबरठ्याला ठेचकाळला, तर हा मठ्ठ आहे, हाही नको. सुएनागाला दिलेला घोडा कसा निघाला असेल, याची मला तरी काळजी वाटत नाही.

यासुमोरीची आत्या मात्सुशिता झेन्नी. तिचा मुलगा तोकियोरी, म्हणजे शोगुनच्या नावानं राज्य चालवणारा माणूस, एकदा तिच्याकडे यायचा होता. सरकत्या दारांच्या चौकटींना लावलेला कागद धुरकटलेला, जागोजागी फाटलेला. ही बाई चाकू घेऊन फाटलेले तेवढेच चौकोन कापून नवे डकवत बसली. भाऊ म्हणाला, माणसाकडून करून घेऊ. त्याचा हात माझ्याहून बरा असेल असं नाही, असं म्हणून हिचं काम चालूच. भाऊ पुन्हा म्हणाला, अगं, सगळा कागद एकदम बदलणं सोपं, ठिगळं दिसायलाही वाईट. तिचं उत्तर असं: नंतर मीही सगळा बदलणार आहे, आज मुद्दाम असं करतेय. फाटलं तेवढं सांधून वस्तू वापरायची असते, हे पोरानं बघावं.

पोरानं ते बघितलं असावं. केन्कोच सांगतो, एका रात्री या तोकियोरीनं नोबुतोकी नावाच्या नातलगाला बोलावणं धाडलं. नोबुतोकीला धड पोशाख सापडेना, तेवढ्यात दुसरा निरोप: रात्रच आहे, असशील तसा ये. तो चुरगळलेल्या कपड्यांत गेला. तोकियोरी साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा बुधला घेऊन एकटाच बसला होता. एकट्यानं प्यायला मजा येईना, म्हणून बोलावलं. सोबत खायला काही नाही आणि घरातली माणसं झोपलीत, तूच काय मिळतंय ते बघ. नोबुतोकी कागदाची चूड पेटवून स्वयंपाकघर धुंडाळतो, तर फळीवर मातीच्या बशीत चिकटलेला थोडासा मिसो, म्हणजे सोयाबीनची खारट चटणी. पुरे की एवढं, म्हणाला तोकियोरी, आणि दोघांनी मजेत रात्र काढली.

हे सांगून झालं की वर्गात कुणीतरी मंगोलांचं पुढे काय झालं ते विचारतं. 1281 साली ते पुन्हा आले, पुन्हा परतले, पण त्यातून जपानी सरदारांत वाटायला तसूभर जमीन मिळाली नाही. असलेल्या जमिनीच्या वाटण्या होत गेल्या, कर्जं चढली, 1297 साली सामुराईंसाठी कर्जमाफीचा हुकूम काढावा लागला. यासुमोरी तोवर उरला नव्हता. 1285 साली राजकारणात त्याचा जीव गेला.

सुएनागा 1281 मध्येही होताच. स्वतःची नाव वेळेवर आली नाही, तेव्हा थापा मारून दुसऱ्याच्या नावेत चढला. शिरस्त्राण मागे राहिलं, म्हणून नडगीची चिलखतं काढून डोक्याला बांधली. हे सगळं त्यानं स्वतःच चित्रांच्या लांब गुंडाळीत लिहून-रंगवून घेतलंय, थापांसकट. बॉम्ब फुटतोय आणि घोडा उधळलाय, ते प्रसिद्ध चित्र मुलांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. मी त्यांना पुढचं एक चित्र मोठं करून बघायला लावते. लाल चिलखतातला सुएनागा मुंडकी पुढ्यात ठेवून बसलाय, समोर यासुमोरीचा मुलगा मोरिमुने, आणि बाजूला एक कारकून ते सगळं लिहून घेतोय.