व्हिसा आधी की पत्र आधी? पाल्माच्या परिषदेला जातानाचा माझा अनुभव

परिषदेत माझं संशोधन मांडणारं पोस्टर स्वीकारल्याचं पत्र आलं होतं, नोंदणी झाली होती, आणि तरीही माझं जाणं विद्यापीठाच्या वित्त विभागातल्या एका सहीवाचून अडलं होतं. त्या सहीचा राग अजून गेलेला नाही. पीएच.डी. करणाऱ्या पुढच्या मुलामुलींना तरी उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

परिषद 'ॲस्लो' या जलविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, ४ ते ९ जून २०२३, स्पेनमधल्या मायोर्का बेटावरच्या पाल्मा शहरात. माझा विषय उजनी जलाशयातलं निळं-हिरवं शेवाळ. सारांश पाठवण्यापासून नोंदणीपर्यंत सगळं सुरळीत झालं.

स्पेनसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा लागतो; त्याच्या अर्जासोबत खर्च कोण करणार याचा पुरावा लागतो. विद्यार्थिनीच्या खात्यात एवढे पैसे कुठून असणार? म्हणून विद्यापीठाचं पत्र हवं. वित्त विभागाचं म्हणणं, आधी व्हिसा दाखवा, मग पत्र देऊ. व्हिसा नाकारला गेला तर ऑडिटला काय सांगायचं? मी म्हणायची, पत्राशिवाय अर्जच पुरा होत नाही. उत्तर एकच: "मॅडम, नियम आहे." कोणता नियम, हे दाखवायला कोणी तयार नाही.

मग फाईलवर शेरा आला, तिकीट जोडा. सरकारी पैशाने विमानाचं तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या सरकारने ठरवलेल्या एजंटांकडूनच काढायचं, तेही शक्यतो प्रवासाच्या २१ दिवस आधी. तिकिटाला आगाऊ रक्कम हवी, रकमेला मंजुरी, आणि मंजुरीला पुन्हा व्हिसा! व्हिसाच्या अर्जाला तर पैसे भरलेलं तिकीट लागतच नाही, नुसतं आरक्षण चालतं. कागदपत्रांच्या अधिकृत यादीतली ती ओळ मी अधोरेखित करून फाईलला लावली. फाईल दुसऱ्या टेबलावर गेली, साहेब मीटिंगला गेले, मला "उद्या या" सांगितलं गेलं. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला एरवी १५ दिवस लागतात, पण ४५ दिवसांपर्यंतही लांबू शकतात. तेच दिवस या टेबलांवर जात होते. विद्यार्थ्याला परदेशी पाठवायची वेळ विद्यापीठावर काही पहिल्यांदा आली नव्हती. कोणता कागद कशानंतर, एवढं एक पान दाराशी लावायला काय हरकत आहे?

सुटका केली आमच्या विभागाच्या कार्यालयीन अधीक्षकांनी. म्हणाले, "ताई, एकाच अर्जात सगळं मागू नका." त्यांनी दोन अर्ज करून दिले. पहिल्यात खर्चाला फक्त तत्त्वतः मान्यता, 'व्हिसा मिळण्याच्या अधीन राहून'. पैशाची मागणीच नाही. आगाऊ रकमेचा अर्ज व्हिसा आल्यावर. त्या चार शब्दांवर सही लगेच झाली. हे शब्द लिहून ठेवा. मार्गदर्शक सरांचं पत्रही सोबत जोडा, पण अडकलेली फाईल हलवायची तर आधी आपल्या ऑफिसातल्या जुन्या माणसाला विचारा.

व्हिसा वेळेत आला. पासपोर्ट हातात घेतल्यावर मी तिथेच पायरीवर बसून आईला फोन केला.

पाल्मात पोस्टरसमोर उभी असताना अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या एरी सरोवरावर काम करणारी एक संशोधक बराच वेळ थांबली. तिथेही उजनीसारखं मायक्रोसिस्टिस हे निळं-हिरवं शेवाळच माजतं; २०१४ साली त्याच्या विषामुळे अमेरिकेतल्या टोलेडो शहरात नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं होतं. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत कसं येतं हे मी नकाशावर दाखवलं. नमुने कोणत्या खोलीवर घेता, पावसाळ्यात काय होतं, असे तिचे नेमके प्रश्न होते. माझं काम जगाच्या कामात बसतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

आता आठवलं: शेंगेनच्या नियमांत वैज्ञानिक परिषदेला जाणाऱ्या संशोधकांना व्हिसा शुल्कात माफीची तरतूद आहे. आयोजकांचं निमंत्रण दाखवून अर्ज देतानाच विचारा. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं असतं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पोस्टर कापडावर छापा, घडी करून हातातल्या बॅगेत मावतं. आणि बोर्डिंग पास जाता-येतानाचे सगळे जपा, मधल्या विमानाचेसुद्धा. परतल्यावर बिलांसोबत वित्त विभाग पहिले तेच मागतो.