खवल्या मांजर आणि माझं म्युट

मी मोबाईल टॉवरच्या मेंटेनन्सला आहे, म्हणजे साईट डाऊन झाली की रात्र असो पाऊस असो, गाडी काढायची आणि निघायचं. त्या रात्री अडीचच्या सुमाराला जंगलातल्या घाटात ड्रायव्हर काकांनी करकचून ब्रेक मारला. रस्त्याच्या मधोमध ट्रकच्या फुटलेल्या टायरचा तुकडा पडलाय असं वाटलं, मी बाजूला करायला उतरलो तर तो तुकडा हलला आणि माझ्या डोळ्यांदेखत गुंडाळून घट्ट गोळा झाला.

"साहेब हात लावू नका, खवल्या मांजर आहे ते."

नावातच काय ते मांजर. अंगावर कौलं रचावीत तसे एकावर एक खवले, आणि ते केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याचेच. तोंडात दात एकही नाही, लांब जिभेने मुंग्या-वाळवी खाऊन जगतं बिचारं. फॉरेस्टवाल्यांना फोन लावावा म्हटलं तर रेंज नाही. रेंज कुठून येणार, त्या भागातला टॉवर बंद म्हणून तर आम्ही चाललो होतो!

तेवढ्यात मागून एक टेम्पो आला. त्याचा क्लीनर उतरला, गोळ्याकडे बघून म्हणाला पोतं देऊ का, याचे चांगले पैसे येतात. काका एकदम भडकले, "आणि जेलमध्ये तू जाणार का?" बरोबरच होतं, आपल्याकडे 1972 च्या कायद्यात याला वाघाएवढं संरक्षण आहे, आणि 2017 पासून याच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. क्लीनर हसत गाडीत बसला आणि टेम्पो कडेने काढून गेले.

मग काका सहज बोलले, "वाघ-बिबट्याला तो गोळा उलगडत नाही साहेब, पण माणसाला काय, पळत नाही चावत नाही, उचलायचं आणि भरायचं."

मला ते लागलंच. कारण मी ऑफिसात नेमकं हेच करतो. कॉलवर मॅनेजर चढला की म्युट दाबून गप्प बसायचं, वादळ जाईल म्हणून, आणि मग सगळ्यांच्या चुका आरामात माझ्या नावावर भरल्या जातात.

हेडलाईट बंद करून, नुसते इंडिकेटर चालू ठेवून थांबलो. वीसेक मिनिटांनी गोळ्याला फट पडली, तिथून ओलं टोकदार नाक बाहेर आलं, हवा हुंगत बसलं, परत आत गेलं, परत आलं. मग सुक्या पाचोळ्यासारखी खसखस झाली आणि ते उलगडलं, पुढच्या पायांची नखं आत दुमडून डुलत डुलत चढाच्या झाडीत शिरलं. शेपटी दिसेनाशी झाली तरी आम्ही दोघं बघतच होतो.

साईटवर पोचलो, टॉवरच्या यंत्रांना वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायरचं मॉड्यूल गेलं होतं, बदललं. नेटवर्क आलं आणि पहिलाच फोन मॅनेजरचा, अर्धा तास कुठे होतात, एस्केलेशन वरपर्यंत गेलंय वगैरे. बोट सवयीने म्युटवर गेलं होतं. काढलं. म्हटलं, सर, रस्त्यात खवल्या मांजर होतं म्हणून थांबलो, आणि हे मॉड्यूल बदला असा मेल मी दोन महिन्यांत तीनदा टाकलाय, वाटलं तर आत्ता फॉरवर्ड करतो.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग विचारतात, "फोटो काढलास का रे?"

नव्हता काढला. फ्लॅश मारला असता तर परत गोळा झालं असतं ना.