खिशातला चाकू : आमची वाटचाल

खंडेनवमीला ऐरणीची पूजा झाली की आम्ही दुकानाच्या ओट्यावर एक धुतलेलं पोतं अंथरतो. गिऱ्हाइकांच्या खिशातले, चंचीतले, कमरेच्या पिशवीतले चाकू त्या पोत्यावर येतात. धार लावायची ती अष्टमीपर्यंत. नवमीला हत्याराने काम घ्यायचं नाही, नुसतं मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. मग हात रिकामे असलेली माणसं काय करणार? एकमेकांचे चाकू उचलून बघतात, उघडतात, मिटतात, कानाजवळ नेऊन टक आवाज ऐकतात. आमचा धंदा जो काही शिकला, तो या पोत्यावर.

आजोबा गावात बलुत्यावर काम करायचे. फाळ पाजळणं, खुरपी, विळे, कुऱ्हाडी. सुगीला ज्वारी मिळायची. ट्रॅक्टर आले आणि फाळाचं काम सुटलं. वडील लातूरला आले. गंजगोलाईला १६ रस्ते फुटतात, त्यांतल्या एकाच्या आतल्या गल्लीत त्यांनी भाता लावला. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, हमालाला पोत्याची शिवण उसवायला लहान पातं लागतं, आणि उघडं पातं खिशात ठेवलं तर मांडी कापते. म्हणून वडिलांनी घडीचा चाकू केला. तीन इंची पातं, बाभळीची मूठ, पाठीवर एक पट्टी.

ही पाठीवरची पट्टी म्हणजे चाकूचा जीव. पात्याच्या टाचेला, म्हणजे मुठीतल्या टोकाला, ती सतत दाबून असते. पातं पूर्ण उघडलं की पट्टी टाचेच्या सपाटीवर बसते आणि चाकू आपोआप मिटत नाही. कुलूप नाही, कळ नाही, नुसता दाब. एका गिऱ्हाइकाच्या मुलाने परदेशातून ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा चाकू आणला होता. त्याच्या मुठीच्या तोंडाशी फिरणारं कडं आहे, ते फिरवलं की पातं अडकतं. ओपिनेलने पहिला चाकू १८९० मध्ये केला, पण हे कडं आलं १९५५ मध्ये. आमच्या लोकांनी तो चाकू दिवसभर हाताळला. शेवटी एक मेंढपाळ म्हणाला, "चांगलाय, पर एका हाताला मेंढरू असलं की कडं कोन फिरवायचं?" तो विषय तिथेच संपला.

लोखंडाबद्दल लोकांचा हमखास गैरसमज असतो. जालन्याला एवढ्या रोलिंग मिल, मग तिथली सळई का नाही वापरत, असं विचारतात. सळई इमारतीसाठी, तिच्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास. तिला कितीही तापवा, चाकूला लागेल एवढा कडकपणा धरत नाही. आम्ही ट्रकचा कमानपाटा घेतो, त्यात कार्बन अर्धा टक्का ओलांडतो. लाल झालेल्या पात्याला चुंबक लावायचं. साधारण ७७० अंशांना चुंबक चिकटणं सोडतं, त्याच्या थोडं वर नेऊन तेलात बुडवायचं. याला आम्ही पात्याला पाणी देणं म्हणतो, देतो मात्र तेल. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात गल्लीतली पोरं विचारायची, "तुमी पानी देतलाव कुठून?" हसायला बरं होतं. गिऱ्हाईक मात्र नव्हतं. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही, मोंढ्यात माल नाही, हमाल बसून. तीन महिने फक्त जुन्या चाकूंची दुरुस्ती केली.

माझी सगळ्यात मोठी चूक त्याच्या पुढच्या दिवाळीची. तेलातून काढलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून ते पुन्हा हलकं शेकावं लागतं. पात्याला गव्हाळ पिवळा रंग चढला की थांबायचं, तो सव्वादोनशे अंशांच्या आत येतो. पाठीच्या पट्टीला मात्र निळा रंग येईपर्यंत न्यायचं, जवळपास ३०० अंश, कारण तिला वाकून परत यायचं असतं. घाईत मी दोन्ही एकाच तव्यावर, एकाच पिवळ्या रंगाला काढलं. असे चाळीस चाकू विकले गेले. पुढच्या खंडेनवमीला त्यातले अकरा पोत्यावर आले, सगळ्यांच्या पट्ट्या मोडलेल्या. एक मावशी, औश्याकडून आलेल्या, त्यांनी चाकू माझ्यासमोर धरला. पातं लोंबत होतं. "चाकू करलालाव का खेळणं?" वडील शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. चाळीसांपैकी जेवढे सापडले तेवढ्यांच्या पट्ट्या फुकट बदलून दिल्या.

त्याच मावशींनी आणखी एक गोष्ट सांगितली. पट्टी इतकी ताठ की उघडताना नख मोडतं. आजवर आम्ही पुरुषांच्या अंगठ्याच्या मापाने चाकू करत होतो, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. तेव्हापासून नख अडकवायची खाच लांब आणि खोल केली, पट्टी मधोमध थोडी घासून हलकी केली. आज हाच चाकू आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतो, पुरुषही तोच मागतात.

चाकू बघून माणूस ओळखता येतो, निदान त्याचं काम तरी. हमालाचं पातं मुठीजवळ खोलगट झिजलेलं, कारण सुतळी तिथेच ओढली जाते. मोसंबीवाल्याचं पातं आंबट रसाने काळं-निळं पडलेलं. तो काळपटपणा घासून काढू नका, असं आम्ही सांगतो, तो एकदा बसला की तांबडा गंज लवकर धरत नाही. कलमं बांधणाऱ्याला सरळ धार आणि तीही एकाच बाजूने लागते, म्हणजे काप सपाट येतो. एक निवृत्त गुरुजी मात्र चाकू फक्त पेन्सिलीला टोक करायला वापरतात आणि वर्षातून चार वेळा धार लावून नेतात. त्यांच्याकडून पैसे घ्यायला संकोच वाटतो.

मध्यंतरी ऑनलाइन विक्रीचा प्रयत्न केला. एका मोठ्या ऑनलाइन बाजाराने आमचा तीन इंची चाकू 'हत्यार' म्हणून काढून टाकला, आणि त्याच ठिकाणी दीड फुटी कोयता 'बागकाम' या सदरात सुखाने विकला जात होता. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं मोजली जातात, आणि घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. हे मी तीनदा लिहून पाठवलं. उत्तर एकदाही आलं नाही. आता फोनवर ऑर्डर घेतो आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत पाल टाकतो. तिथे घोडे-गाढवं बघायला आलेला माणूस चाकू हातात घेतल्याशिवाय पुढे जात नाही. सांबरशिंगाची मूठ मागणारेही तिथे भेटतात. ते बेकायदा आहे, आम्ही करत नाही. बाभूळ नाहीतर म्हशीचं शिंग.

आज आम्ही चौघं काम करतो, दिवसाला बारा-पंधरा चाकू होतात. मशीन आणून शंभर करावेत, असं मुलगा म्हणतो. ग्राइंडर घेतला, हवेचा पंखा घेतला, पण शेकणं अजून डोळ्यांनी रंग बघूनच.

गेल्या खंडेनवमीला मुरूडचे एक आजोबा वडिलांच्या हातचा चाकू घेऊन आले. पातं झिजून बोटाएवढं रुंद होतं ते दाभणाएवढं उरलंय. नवीन पातं बसवून देतो, दोन दिवस ठेवून जा, म्हटलं. त्यांनी चाकू मिटला, बंडीच्या आतल्या खिशात घातला. "दोन दिवस मी तंबाखू कशानं कापू?"

त्याच मापाचं पातं करून ठेवलंय. ते आले की ओट्यावर बसवून चहा होईतो बदलून देणार.