आजींचा फोटो

आज खानापूरहून एक आजी नातवाबरोबर घरच्या स्टुडिओत आल्या होत्या. पंच्याहत्तरीचा फोटो हवा होता. हिरवी नऊवारी, नाकात नथ.

वडगावातल्या आमच्या घराची ही खोली दहा बाय बाराची. भिंती पांढऱ्या, त्यामुळे उजेड चहूकडून उसळतो आणि चेहरा सपाट दिसतो. म्हणून सावलीच्या बाजूला काळं कापड टांगलं आणि सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी पांढऱ्या कापडाची पेटी लावलेला दिवा, अगदी जवळ आणला. दिवा जवळ आला की चेहऱ्याच्या मानानं मोठा होतो, सावलीची कड मऊ होते. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाई उरतो, त्यामुळे मागची भिंत आपोआप गडद होते. छोट्या खोलीत याहून मोठी सोय नाही! दिवा ४५ अंश बाजूला, डोळ्यांपेक्षा थोडा वर. पलीकडच्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण आला, तोच रेम्ब्रांट लाइट, डच चित्रकार रेम्ब्रांटच्या नावाचा. सुरकुत्या मी मुद्दाम पुसल्या नाहीत, आणि पुसूही नयेत.

नथीची लांब सावली ओठावर येत होती. दिवा जरा खाली घेतल्यावर गेली. खुर्चीच्या कडेवर तिरकं बसवून हनुवटी किंचित पुढे घ्यायला सांगितली. 'हसा' म्हटलं की माणूस आखडतो, म्हणून यंदाच्या भाताबद्दल विचारलं. त्या हात उडवत बोलायला लागल्या आणि मी बटण दाबत राहिलो.

पुढच्या रविवारी निपाणीचं अख्खं कुटुंब येणार आहे. तेव्हा दिवा मागे न्यावा लागेल, नाहीतर कडेची माणसं अंधारात जातील.