राजापूरच्या घराचा तळमजला

राजापूरच्या आमच्या घरी सुट्टीला येणारे पाहुणे हटकून विचारतात: एवढा ऐसपैस तळमजला मोकळा ठेवून तुम्ही वर दाटीवाटीने का राहता? त्यांना सांगतो, पावसाळ्यात तो मजला नदीचा असतो.

घर जुन्या बाजारपेठेत, जवाहर चौकाजवळ. कोदवली नदी इथेच अर्जुना नदीला मिळते. सह्याद्रीकडे पाऊस धरला आणि त्यात खाडीला भरती असली की पाणी उतरत नाही, चौकात शिरतं. नदीचं पाणी तांबडं होऊन फुगायला लागलं की दुकानदार माल माळ्यावर चढवायला घेतात, आणि आम्हाला मुंबईत शेजारच्या काकींचा फोन येतो.

म्हणून खाली पलंग नाही, कपाट नाही. स्विचबोर्ड डोक्याच्याही वर, पंप जिन्याच्या वळणावर. पाण्याचं एक वेळ ठीक आहे, ते येतं तसं जातं. खरा ताप गाळाचा. पाणी ओसरत असतानाच, त्याच पाण्याने, खराट्याने तो दाराबाहेर लोटावा लागतो. हयगय केली आणि वाळला, तर फावड्याने खरवडत बसा. कुबट वास दिवाळीपर्यंत जात नाही. ते काम काकींची मुलं करतात, आम्ही वेळेवर पोचतो थोडेच!

गावाचं नशीबही या गाळानेच फिरवलं. सतराव्या शतकात गलबतं खाडीतून थेट राजापूरला लागत, म्हणून तर इंग्रजांनी इथे वखार घातली. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफा-दारूगोळ्याची मदत केली आणि १६६१ मध्ये महाराजांनी येऊन वखार खणून काढली. पुढे खाडी भरत गेली, बंदर बुजलं. पेठ मात्र जागची हलली नाही. गेल्या काही वर्षांत नदीतला गाळ उपसलाय, त्याचा फरक पडतो म्हणतात. मी स्विचबोर्ड काही खाली आणणार नाही.

यायचंच तर दिवाळीनंतर या. धूतपापेश्वर करा, उन्हाळे गावातल्या गरम झऱ्यावर पाय शेका. तिथलीच चौदा कुंडांची गंगा म्हणजे मधूनच प्रकट होणारा झरा, तिच्या येण्याचा भरवसा नाही. पण ती आल्याची बातमी फुटली की कुठले कुठले मामा-मावश्या गंगास्नानाला येऊन थडकतात, आणि मग तळमजल्यावरही सतरंज्या पडतात.