आडवी अळी, उभी अळी

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. मी तिथं आशा सेविका आहे, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती. पहिल्या पावसाळ्यात माझं हिवतापाचं भाषण तोंडपाठ होतं: पाणी साचू देऊ नका, कोरडा दिवस पाळा, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी कोरडी करा, रांजण रिकामे करा. एका आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रांजन सांडी देसू, पन मंग पानी तू आनशी का वं बाई?" बाया हसल्या. मी काय बोलणार? हातपंपावरून हंडे मीही आणतेच.

भाषण सोडलं. काचेच्या एका ग्लासात रांजणातलं पाणी घेतलं, दुसऱ्यात नाल्याकाठच्या डबक्यातलं. कापूस निंदून बाया घरी येतात त्या वेळी, दिवेलागणीला, ओट्यावर ठेवलं. रांजणातल्या अळ्या डोकं खाली करून लोंबकळत होत्या, डेंग्यूच्या डासाच्या. डबक्यातल्या पाण्यावर आडव्या पडलेल्या. त्या अ‍ॅनाफिलीसच्या, म्हणजे हिवतापाच्या. माझा सगळा राग रांजणावर, आणि दुखणं वाढत होतं नाल्यात!

अंड्याचा डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशेब. तोही मी बाजाराला बांधला. बाजाराच्या दिवशी मजुरी बंद असते, रांजणाचा तळ आलेला असतो. उरलेलं पाणी फडक्यातून गाळून हंड्यात काढायचं, रांजण आतून घासायचा, मग भरायचा. पाणी वाया जात नाही म्हटल्यावर आजीही तयार झाल्या. डबकी बुजवली, गुरांच्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले.

खरी झटापट गोळ्यांशी. बोटातून रक्त घेऊन किटवर 15-20 मिनिटांत कळतं, ते सोपं. पण व्हायवॅक्स जातीचा हिवताप निघाला की प्रायमाक्विनच्या गोळ्या 14 दिवस. ताप तर तिसऱ्या दिवशीच उतरतो. "बरी शे मी आते," म्हणून गोळ्या फडताळात. जंतू मात्र यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा हुडहुडी. एका घरात दोनदा असंच झालं. आता मी दिवस मोजायला सांगत नाही. या बाजारी पहिली गोळी, मधला बाजार ओलांडायचा, तिसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी शेवटची. गोळी भाकरी खाल्ल्यावरच, उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि तेवढ्यावरून बंद होते. गरोदर बाईला ही गोळी द्यायची नाही, म्हणून दिवस गेलेत का हे आधी विचारते. सासूसमोर खरं सांगत नाहीत, म्हणून चुलीपाशी, एकटीला.

मच्छरदाणीचं अजून पूर्ण जमलेलं नाही. उकाड्यात सगळे अंगणात खाटेवर, दोरी बांधायला खांब नाही. हा डास चावतो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, नेमक्या त्याच वेळी.

परवा त्याच आजी ग्लास घेऊन दारात. "देख वं बाई, हाई आडवं शे ना?" आडवंच होतं. कुठलं पाणी विचारलं, तर माझ्याच घरामागच्या खड्ड्यातलं.